बडोद्यात बसून माउलबेर्चचा अभ्यास कसा करायचा

मंडळात किंवा मित्रांच्या ग्रुपमध्ये चित्रकलेवर काही बोलायचं ठरलं की युरोपातली नावं ठरलेलीच असतात, लिओनार्दो, रेम्ब्रां, व्हॅन गॉग, फार तर क्लिम्ट, आणि क्लिम्ट झाला म्हणजे ऑस्ट्रिया उरकला. पण क्लिम्टच्या आधी दीडेकशे वर्षं व्हिएन्नात आणि तिथून पुढे आजचा हंगेरी, चेक, स्लोव्हाकिया अशा सगळ्या मुलखात चर्चच्या, राजवाड्यांच्या, लायब्रऱ्यांच्या छतांवर जे काम झालंय ते आपल्याकडे जवळजवळ कुणी दाखवतच नाही. मला ते काम अतोनात आवडतं आणि बडोद्यातल्या लोकांनी ते बघावं असं फार वाटतं, कारण भिंतीवरचं चित्र म्हणजे काय हे समजून घ्यायला लागणारं बरंच काही आपल्या गावातच आहे, त्यासाठी व्हिएन्नाचं तिकीट काढायची गरज नाही.

म्हणून हे लिहितेय. उदाहरणाला एकच माणूस घेते, फ्रान्झ आन्टोन माउलबेर्च. एकदा याच्यावर हात बसला की त्या काळातला दुसरा कुठलाही चित्रकार घ्यायला जमेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. व्हॅन गॉगने भावाला लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा आहे, तसा गठ्ठा माउलबेर्चने मागे ठेवलेला नाही. त्यामुळे "त्याला काय वाटत होतं" या मार्गाने गेलात तर हाताला काही लागणार नाही आणि मग माणूस कल्पनेने भरायला लागतो. याचं आयुष्य सापडतं ते त्याने घेतलेल्या कामांमध्ये, कुठल्या साली कुठल्या गावात कुणाच्या पैशाने कुठल्या छताखाली तो परांचीवर चढला होता यात. तुमचा सगळा अभ्यास या एका प्रश्नाभोवती बांधा.

आधी सांगाडा

वहीचं पहिलं पान फक्त पक्क्या तारखांना द्या आणि तिथे विशेषणं अजिबात लिहू नका. जन्म ७ जून १७२४, लांगेनआर्गेन, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठचं गाव, आज ते जर्मनीत आहे. वडील आन्टोन, तेही चित्रकारच. १७३९ मध्ये म्हणजे पंधराव्या वर्षी व्हिएन्ना, तिथल्या अकादमीत याकोब फान शुपेन यांच्या हाताखाली शिक्षण. १७५० ला अकादमीचं पहिलं बक्षीस, १७५९ ला अकादमीचं सभासदत्व. १७८० मध्ये दुसरं लग्न, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापचित्रं करणारे याकोब श्मुत्झर यांच्या मुलीशी. मृत्यू ८ ऑगस्ट १७९६, व्हिएन्नातच. बास, एवढं पुरे.

जन्म जर्मनीतला मग ऑस्ट्रियन कसा, हे कुणीतरी विचारणारच. तेव्हा आजच्या सीमा नव्हत्याच, आणि शिक्षण, अकादमी, कामं देणारी माणसं, सगळं व्हिएन्नातून राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या मुलखातलं आणि घर व्हिएन्नात, म्हणून त्याला ऑस्ट्रियन बरोकचा, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या त्या भव्य, नाट्यमय शैलीचा, चित्रकार म्हणतात. तीन वाक्यांत उत्तर द्या आणि पुढे जा, यात अडकू नका.

सर्च करताना मात्र थोडं डोकं लावावं लागतं. त्याच्या नावाचं स्पेलिंग जुन्या कागदांत एकसारखं नाही, मधे बी टाकून आणि पी टाकून दोन्ही प्रकारे शोधा. गावांचं तर विचारूच नका, एकाच गावाला जर्मन, हंगेरियन, चेक अशी वेगवेगळी नावं असतात, आज जे ब्रातिस्लाव्हा आहे ते जर्मनमध्ये प्रेसबुर्ग आणि हंगेरियनमध्ये पोझोन्य, आज जे द्यॉर आहे ते जर्मनमध्ये राब. वहीत गावाचं त्या काळचं नाव आणि आजचं नाव शेजारीशेजारी लिहून ठेवलंत की नंतर मॅपवर शोधताना फार त्रास वाचतो. इंग्रजीत याच्यावर त्रोटक माहिती आहे, खरी भरपूर माहिती जर्मन, हंगेरियन आणि चेक पानांवर आहे, ती ब्राउझरमध्ये ट्रान्सलेट करून वाचा, भाषा ओबडधोबड होते पण साल, गाव, कामाचं नाव नीट कळतं. आणि निदान दोन भाषांतल्या पानांवर साल जुळतंय ना तेवढं बघा.

कामांची नोंदवही

आता खरं काम. एक कोरं शीट उघडा, एक्सेल चालेल, कागदावर आखलेलं तर अजून छान, आणि रकाने करा: साल, गाव, इमारत, पैसे कुणी दिले, विषय काय, आज शिल्लक आहे का. हा "पैसे कुणी दिले" रकाना कधीही रिकामा सोडू नका, त्यासाठी कितीही शोधावं लागलं तरी शोधा. बडोद्याच्या माणसाला हे पटवायला लागू नये. सयाजीरावांनी १८८८ मध्ये रविवर्म्याला पुराणातल्या विषयांची चौदा चित्रं सांगितली, ती गोष्ट वगळून रविवर्मा सांगता येईल का? तसंच इथे.

मी काही ओळी भरून दाखवते.

१७५२-५३, व्हिएन्ना, योझेफश्टाट भागातलं मारिया ट्रॉय चर्च, पैसे पियारिस्ट संघाचे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या धर्मगुरूंचे. घुमटाच्या आतून चित्र. वय अवघं २८. बक्षीस मिळून दोनेक वर्षं झालेली आणि एवढं मोठं छत हातात. हे त्याचं पहिलं मोठं भित्तिकाम आणि माझ्या मते इथेच तो पूर्ण तयार दिसतो, शिकाऊ वाटतच नाही, आकृत्या घुमटाच्या कडेवर गर्दी करून उभ्या आहेत आणि मधे उजेड मोकळा सोडलाय. पुढे विसाव्या शतकातला चित्रकार ऑस्कर कोकोश्का लहानपणी याच चर्चमध्ये गायचा आणि या छताचा आपल्यावर परिणाम झाला असं त्याने सांगून ठेवलंय, ही गोष्ट ऐकणाऱ्यांना आवडते, जरूर सांगा.

१७५७-५८, श्युमेग, पश्चिम हंगेरी. पैसे वेस्प्रेमचे बिशप मार्टोन पादान्यी बीरो यांचे. बाहेरून बघितलं तर साधंसुधं गावचं चर्च, आणि आत शिरलं की भिंती, कोनाडे, छत, सगळीकडे चित्रच चित्र. या ओळीवर तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं मी सांगेन. कारण इथे एकाच माणसाने एक आख्खी इमारत आतून विचार करून रंगवलीय, उजेड कुठल्या खिडकीतून येतो, माणूस कुठून आत शिरतो, कुठे वळतो, याचा हिशोब आहे. येशूच्या जन्मानंतर धनगर दर्शनाला आलेत त्या चित्रात चीज घेऊन आलेला एक जण आहे, तो खुद्द चित्रकारच असं मानतात. नेटवर त्या चित्राचे चांगले फोटो मिळतात, झूम करून तो चेहरा शोधा.

१७५९, क्रोम्येर्झीश, आजच्या चेकमध्ये, ओलोमोउत्सच्या बिशपांचा राजवाडा. १७५२ मध्ये तिथे मोठी आग लागली होती, त्यानंतरच्या दुरुस्तीत बिशप लिओपोल्ड एग्ख यांनी मांडलिकांच्या दरबाराच्या दालनाचं छत याच्याकडून करून घेतलं. म्हणजे इथे विषय देव कमी आणि बिशपसाहेबांचं वैभव जास्त. १७६५ मध्ये आजच्या ऑस्ट्रियातला हाल्बटुर्नचा वाडा, छतावर काळ आणि प्रकाश यांचं रूपक. १७७० ला ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चमध्ये काम, ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं, शेवटच्या रकान्यात तसं लिहा.

१७७५-७६, इन्सब्रुक, शाही वाड्यातलं भव्य दालन, पैसे खुद्द महाराणी मारिया थेरेझियाचे. याच गावात १७६५ च्या ऑगस्टमध्ये मुलाच्या लग्नासाठी आलेले असताना तिचा नवरा फ्रान्झ श्टेफान अचानक वारला होता. आणि छताचा विषय काय, तर हाब्सबुर्ग आणि लोथ्रिंगन या दोन घराण्यांचं एक होणं, म्हणजे तिचं आणि त्याचं. "पैसे कुणी दिले" हा रकाना का महत्त्वाचा म्हणते ते इथे कळतं, छतावरची ती सगळी रूपकं, ढग, देवता, त्यामागे एक विधवा बाई उभी आहे हे कळल्यावर छत वेगळंच दिसायला लागतं.

आणि आता दोन ओळी ज्या एकमेकींना बाणाने जोडायच्या. १७७८, लोउका, आजच्या चेकमधल्या झ्नोय्मो शहराजवळचा प्रेमॉन्स्ट्राटेन्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ, तिथल्या लायब्ररीचं छत, विषय मानवजातीच्या ज्ञानाचा प्रवास. मग १७८० ला महाराणी वारली, मुलगा योझेफ दुसरा एकटा राज्य करायला लागला आणि त्याने मठांमागून मठ बंद केले, शाळा चालवत नाहीत, आजाऱ्यांची सेवा करत नाहीत त्यांचा उपयोग काय असा त्याचा सवाल. १७८४ मध्ये लोउकाही बंद. तिथली कोरीव लाकडी पुस्तकांची कपाटं प्रागच्या स्ट्राहोव मठाने घेतली, तोही त्याच पंथाचा, आणि ती उंच कपाटं मावावीत अशा बेताने तिथलं नवं दालन बांधलं गेलं. आणि मग १७९४ मध्ये, सत्तरीतल्या माउलबेर्चला बोलावून त्याच विषयावर नवीन छत करायला सांगितलं. दालन ३२ मीटर लांब, १४ मीटर उंच, आणि त्याने ते एका मदतनीसाला घेऊन सहा महिन्यांत पुरं केलं. एका बाजूला मोझेस आणि देवाने त्याच्या लोकांशी केलेला करार, तिकडे ग्रीक मंडळी, अलेक्झांडर आणि त्याचा गुरू ॲरिस्टॉटल, डायोजेनिस, आणि समोरच्या टोकाला अथेन्समध्ये बोलणारा संत पॉल. माझ्या दृष्टीने त्याच्या आयुष्याची सगळ्यात जिवंत गोष्ट हीच आहे, कुणी तुम्हाला दहाच मिनिटं दिली तर बाकी सगळं सोडा आणि एवढंच सांगा.

अशा पंधरावीस ओळी झाल्या की शीट बाजूला ठेवून नुसतं वरून खाली वाचा. आधी दिसेल की बिशप आणि मठ भरपूर, मग दरबार, आणि १७८० नंतर व्हिएन्नातली मोठी कामं आटतात आणि हंगेरीतले बिशप जास्त दिसतात, द्यॉर, पापा, एगेर. काम जिकडे आहे तिकडे साठी उलटलेला माणूस सामान घेऊन जातोय. याच काळात, १७८५ मध्ये, तो छापचित्रंही करतो, जत्रेतला औषधं विकणारा भोंदू वैद्य, पेटीतून चित्रं दाखवणारा माणूस, आणि योझेफच्या धर्मसहिष्णुतेच्या धोरणावर एक रूपकचित्र. ज्या राजाने मठ बंद करून चित्रकारांची कामं घालवली त्याच्याच धोरणाचं चित्र. याचा अर्थ काय लावायचा ते ऐकणाऱ्यांवर सोडा, पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून सांगाच.

भिंत समजून घ्या, त्याशिवाय चित्र कळणार नाही

हे कॅनव्हासवरचं काम नाही. ओल्या गिलाव्यावरचं आहे, ज्याला फ्रेस्को म्हणतात. विरवलेला चुना आणि वाळू यांचा थर, त्यावर बारीक वाळूचा शेवटचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत चुनखडीसारखा दगड होतो आणि रंग त्यातच अडकून बसतो, वरून चिकटवलेला नसतो. त्यामुळे एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा, उरलेला संध्याकाळी कापून टाकायचा. या दिवसाच्या तुकड्यांचे सांधे तिरप्या उजेडात दिसतात आणि ते मोजून जाणकार सांगतात की अमुक भाग किती दिवसांत झाला.

यातून आयुष्याच्या गोष्टी कळतात बरं का. गोठवणाऱ्या थंडीत चुन्याचं हे काम होत नाही, म्हणून छतं उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात घरी वेदीसाठीची तैलचित्रं, पुढच्या कामाची कच्ची चित्रं. तुमच्या नोंदवहीतली सालं बघताना हे ऋतूचं चक्र लक्षात ठेवा. शिवाय चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत, मातीचे रंग टिकतात, काही निळे वगैरे सुकल्यावर वरून द्यावे लागतात आणि ते पुढे उडून जातात, म्हणून एखादं आकाश फिकट वाटलं तर लगेच चित्रकाराला नाव ठेवू नका.

जमलं तर हे स्वतः करून बघा, मी अगदी आग्रहाने सांगतेय. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्यांकडे किंवा फाइन आर्ट्सच्या मुलांकडे विचारलंत की नीट मुरलेला चुना कुठे मिळतो ते कळतं. एक मातीचं कौल किंवा न पॉलिश केलेली खडबडीत फरशी पाण्यात चांगली भिजवा, एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग चाळलेली धुतलेली वाळू असा थर द्या, तो आवळत आला की वर बारीक वाळूचा पातळ थर, यात चुना थोडा जास्त. बोट लावल्यावर गिलावा बोटाला येत नाही अशा वेळी सुरू करा. रंग म्हणून गेरू, रामरज म्हणजे पिवळी माती, कोळशाची बारीक पूड, पांढऱ्यासाठी चुनाच, सगळं नुसत्या पाण्यात. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा, चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, मुलं बरोबर असतील तर त्यांना चुना कालवायला देऊ नका. आणि बडोद्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे करू नका, गिलावा बघताबघता सुकतो, पावसाळा संपल्यावर किंवा हिवाळ्यात करा, आपला हिवाळा या कामाला उत्तम. एक पान, एक हात, एवढंच रंगवा. पहिल्या तासात ब्रश गिलाव्यावर कसा सरकतो आणि नंतर गिलावा रंग कसा ओढून घ्यायला लागतो हे एकदा हाताला कळलं की माउलबेर्चच्या छतावरचे ते भराभर मारलेले फटकारे बघून तुम्ही खुर्चीत ताठ बसाल.

बघायचं कसं

छताचा फोटो हा नेहमी थोडा फसवा असतो कारण तो सपाट आणि सरळ केलेला असतो. एकच फोटो बघू नका, तीन प्रकारचे शोधा: पूर्ण छताचा, जमिनीवर उभं राहून पर्यटकाने काढलेला वाकडातिकडा, आणि जवळून काढलेला एखादा तुकडा. तो वाकडातिकडा सगळ्यात उपयोगाचा, कारण माणसाला ते छत तसं दिसतं. मग विचारा, चित्राचं तोंड कुठल्या दाराकडे आहे, आत आलेल्या माणसाला आधी काय दिसणार.

नंतर कच्चं चित्र आणि छत शेजारी ठेवा. मोठं काम घेण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायला तेलरंगात छोटं चित्र करायची पद्धत होती, आणि माउलबेर्चची अशी पुष्कळ चित्रं शिल्लक आहेत, व्हिएन्नाच्या बेल्वेडेरे म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहात ती मोठ्या साइझमध्ये फुकट बघायला मिळतात. व्हिएन्नातल्याच अल्बर्टिना म्युझियमच्या वेबसाइटवर चित्रकारांची रेखाटनं शोधता येतात. स्पेनमधल्या क्लाविहोच्या लढाईत घोड्यावरून येणारा संत याकोब, १७६४ च्या आसपासचं, हे बेल्वेडेरेतलं छोटं चित्र माझं फार लाडकं आहे, आकृत्यांना कडाच नाहीत, नुसता रंग उसळतोय. लिंबासारखा पिवळा, जांभळट सावल्या, मधेच एक आजारी हिरवा, आणि उजेड एकाच बाजूने येऊन बाकी सगळं अंधारात ढकललेलं. माणसं लांबुडकी, वाकलेली, पायाशी कुणीतरी काळोख्या आकृतीत पाठमोरं. व्हेनिसच्या पियाझेट्टाचं आणि त्याच्याआधी व्हिएन्नात गाजलेल्या पाउल ट्रोगरचं वळण त्यात दिसतं, आणि रेम्ब्रांच्या छापचित्रांचंही.

याच्यासमोर स्ट्राहोवचं छत ठेवा. तीसेक वर्षांत केवढा फरक. रंग उजळ आणि शांत, गट सुटेसुटे, कोण कुठे उभं आहे ते स्पष्ट, वाचता येईल असं. काही लोक म्हणतात म्हातारपणी धार गेली. मला ते अजिबात पटत नाही. काळ बदलला होता, लोकांना आता धुराळ्यातून प्रकटणारा संत नको होता, समजावून सांगितलेला विचार हवा होता, आणि लायब्ररीच्या छताला तेच शोभतं. दोन्ही चित्रं दाखवा आणि दोन्हीच्या बाजूने बोला.

आपल्या गावात कुठे जायचं

स्क्रीनवर कितीही बघितलं तरी मापाचा अंदाज येत नाही, तो अंगाला कळावा लागतो. त्यासाठी कीर्तिमंदिर. नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चार भिंती केल्या, गंगावतरण, मीरेचं जीवन, टागोरांच्या नाटकावरची नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. काम सांगणारे सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारीतच गेले आणि भिंती नंतर वर्षानुवर्षं चालू राहिल्या. हे चित्र बरोकपेक्षा पूर्ण वेगळं आहे, रेषेवर चालणारं, सपाट, आणि म्हणूनच तुलनेला छान. आत जायला मिळतंय का ते आधी विचारून घ्या. गेलात की भिंतीपासून किती लांब गेल्यावर पूर्ण चित्र नजरेत मावतं ते पावलांनी मोजा, आणि मग माउलबेर्चचं छत याच्या कितीतरी वर होतं आणि तो आडवा-तिडवा वाकून, आपण काय रंगवतोय ते खालून कसं दिसेल हे न बघता रंगवत होता, याचा विचार करा.

मग तांबेकर वाडा, दांडिया बाजाराजवळचा, एकोणिसाव्या शतकातला. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते. पुराणातल्या कथांपासून साहेबलोकांपर्यंत सगळं भिंतींवर. इथे बघायचं ते हे की घरमालकाची आवड आणि दर्जा भिंतीवर कसा उतरतो. क्रोम्येर्झीशच्या बिशपाचं दालन समजायला याची मदत होते.

आणि कमाटीबागेतलं म्युझियम आणि पिक्चर गॅलरी. गॅलरीची इमारत १९१४ मध्ये पुरी झाली होती पण महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि ती १९२१ ला उघडली. जुन्या युरोपियन तैलचित्रांसमोर नुसतं उभं राहण्यासाठी जा. जवळून बघा, तेलरंगात सावली कशी थरावर थर देऊन खोल केलेली असते, आणि मग ओल्या चुन्यात ही सोय नाही हे आठवा. माउलबेर्च दोन्ही करायचा, आणि गंमत म्हणजे त्याची तैलचित्रंही फ्रेस्कोच्या घाईने केल्यासारखी वाटतात. वाचायला हंसा मेहता लायब्ररीत किंवा फाइन आर्ट्सच्या लायब्ररीत प्रवेश मिळत असेल तर बरोकवरची मोठी चित्रांची पुस्तकं काढून बसा, नुसती चाळली तरी चालेल.

कशावर विश्वास ठेवायचा

"माउलबेर्चचं" म्हणून जे जे फोटो मिळतात ते सगळं त्याच्या हातचं नाही. एवढी छतं एकट्याने होत नाहीत, मदतनीस होते, शिष्य होते, त्याच्यासारखं काढणारे होते. योझेफ विंटरहाल्डर धाकटा हे नाव लिहून ठेवा. सोम्बातहेय इथल्या नव्या कॅथेड्रलसाठी बिशप यानोश सिय यांनी माउलबेर्चला काम दिलं, त्याने कच्ची चित्रं केली आणि १७९६ ला वारला, मग भिंतींवरचं काम विंटरहाल्डरने केलं. तेही १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गेलं. मग ते छत कुणाचं म्हणायचं? वहीत दोन्ही नावं लिहा, कल्पना याची, हात त्याचा. म्युझियमच्या लेबलवर "याच्या वर्तुळातला" किंवा "याच्या कार्यशाळेतून" असं असेल तर तुमच्या स्लाइडवरही तेच आलं पाहिजे, गाळू नका.

स्वतःचा चेहरा चित्रात घातलाय वगैरे गोष्टी सांगताना "असं मानतात" एवढं जोडायचं. आणि तो स्वभावाने कसा होता, तापट होता का, याबद्दल कुठे रंगवून लिहिलेलं सापडलं तर सरळ बाजूला ठेवा.

बोलायची वेळ येते तेव्हा

जन्मापासून सुरुवात करू नका. एका छतापासून करा, मी तर श्युमेग किंवा स्ट्राहोव घेईन, आणि पहिली पाचेक मिनिटं फक्त तेच चित्र पडद्यावर ठेवा, बोला कमी. दर स्लाइडवर गाव, साल आणि पैसे देणारा, एवढंच लिहा, मराठीत, मोठ्या अक्षरात. ख्रिस्ती कथा आपल्या बऱ्याच लोकांना माहीत नसतात, त्या गोष्टीसारख्या सांगा, माफी मागत सांगू नका, लोकांना गोष्ट आवडतेच. मॅप एकदा जरूर दाखवा, व्हिएन्ना मधे ठेवून प्राग, क्रोम्येर्झीश, इन्सब्रुक, श्युमेग, द्यॉर असे ठिपके जोडा, आणि रेल्वे नव्हती तेव्हाचा हा प्रवास आहे, घोडागाडीतून, एवढं म्हणा.

शक्य असेल तर तुमचं ते रंगवलेलं कौल टेबलावर ठेवा आणि लोकांना हात लावू द्या.

एकदा हे पार पडलं की पुढच्या वेळी मार्टिन योहान श्मिट घ्या, जन्म १७१८, मृत्यू १८०१, ज्याला लोक क्रेम्सचा श्मिट म्हणतात. हा माउलबेर्चच्या अगदी उलटा, डॅन्यूबकाठच्या श्टाइन गावात घर करून राहिला आणि तिथूनच मठांना आणि चर्चना वेदीची तैलचित्रं पुरवत राहिला, वर्षानुवर्षं. त्याच्यासाठी शीटचे रकाने बदलावे लागतील, परांची आणि प्रवास कमी, कार्यशाळा जास्त, म्हणजे "गाव" या रकान्याऐवजी "चित्र कुणाकडे पाठवलं" असा रकाना करा आणि मॅपवरचे बाण श्टाइनमधून बाहेर जाणारे काढा.